दुप्पट ताकदीची आसगंध

नॉर्विच, १२ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचे पत्र पोहोचले. आपल्या इतवारीतल्या काष्ठौषधीच्या दुकानात आलेला दलाल जनुक बदललेल्या, दुप्पट ताकदीच्या आसगंधीचे (अश्वगंधेचे) बियाणे देऊ म्हणतो आणि आगाऊ रक्कम भरल्यास काटोलकडच्या शेतकऱ्यांच्या वावरात ती लावून घेता येईल, असे तुम्ही लिहिले आहे. माझा अभ्यास याच विषयातला असल्याने सविस्तर लिहिते. परंतु माझे मत आधीच सांगते, की त्याला एक रुपयाही देऊ नये.

वनस्पतीतले औषधी द्रव्य वाढवणे बोलायला सोपे आहे. आपल्या अंगणातली सदाफुलीच घ्या. तिच्यातले व्हिनब्लास्टिन कर्करोगावर वापरतात आणि त्याच्या एका ग्रॅमसाठी सुमारे ५०० किलो वाळलेला पाला लागतो. ज्या दोन रेणूंच्या जोडणीतून ते तयार होते, त्यांपैकी कॅथरँथिन पानाच्या पृष्ठभागावरील मेणात साचते, तर व्हिंडोलिन आतल्या पेशींत राहते. त्यामुळे दोघांची गाठ फारशी पडतच नाही. बरे, एखादे जनुक जास्त कामाला लावावे, तर वनस्पतीही आपल्या परीने आवर घालते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या सदाफुलीच्या मुळांमध्ये ही द्रव्ये बनवण्यास चालना देणाऱ्या ‘ओर्का-३’ या जनुकाचे काम वाढवले, तेव्हा त्याला रोखणारी जनुकेही सरसावली आणि उत्पादन होते तिथेच राहिले.

म्हणूनच पुष्कळ संशोधकांनी झाडाचा नाद सोडून यीस्टची वाट धरली. २०१८ साली इथल्याच जॉन इन्स सेंटर या संशोधन संस्थेतील गटाने व्हिनब्लास्टिनच्या घडणीतली हरवलेली विकरे शोधून काढली आणि २०२२ साली अमेरिकेतील जे कीसलिंग यांच्या गटाने वनस्पतींची ३४ जनुके यीस्टमध्ये घालून कॅथरँथिन व व्हिंडोलिन तयार करवले. पुढची जोडणी त्यांनी रासायनिक पद्धतीने केली. ही वाट स्वस्त झाली, तर पाला पिकवणाऱ्याचे काय होणार, ही काळजी मला इथे बसूनही वाटते.

झाडातच यश मिळाल्याचेही उदाहरण आहे. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन ज्या झुडपापासून मिळते, त्यात शांघायच्या संशोधकांनी एकाच वेळी तीन जनुकांचे काम वाढवले आणि २०१८ साली सुक्या पानांच्या वजनाच्या ३.२ टक्के इतके द्रव्य मिळवल्याचे प्रसिद्ध केले. एरवी ते एक टक्क्याच्या आतच असते.

पण बाबा, आर्टेमिसिनिन पानातून शुद्ध स्वरूपात काढून, मोजून गोळीत घालतात. पानात ते किती होते, याच्याशी रोग्याला देणेघेणे नसते. तुमच्याकडची आसगंध लोक चूर्ण करून चमच्याने दुधातून घेतात. तिच्यातले विथॅनोलाइड हे औषधी द्रव्य खरोखरच दुप्पट झाले, तर वैद्याने पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली मात्राच चुकेल, आणि पुडीवरून ते कोणालाच कळणार नाही. आहे त्याच आसगंधीविषयी युरोपात साशंकता आहे. डेन्मार्कने तर २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. जिथे द्रव्य वेगळे काढले जाते तिथे जनुकबदल मला पूर्ण मान्य आहे, परंतु काष्ठौषधीच्या दुकानात नाही.

आता त्या दलालाविषयी. आपल्याकडे शेतकरी परवानगीने घेतात ते जनुक बदललेले पीक म्हणजे बीटी कापूस, आणि त्यालाही २००२ साली मंजुरी मिळाली ती केंद्राच्या समितीपुढून गेल्यावरच. अशी आसगंध मंजूर झालेली नाही. म्हणजे त्याच्याकडे एक तर साधेच बियाणे आहे, नाही तर बेकायदा आहे. काटोलच्या मंडळींना चांगले वाण हवेच असेल, तर लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने निवड पद्धतीने काढलेल्या ‘पोषिता’ किंवा ‘निमितली-११८’ या वाणांची चौकशी करावी. दोन्हींत जनुकाला हात लावलेला नाही. तोवर नीमचच्या मंडीतून येणारा नागोरी आसगंधीचा मालच चालू द्यावा.

आईस नमस्कार सांगावा.

तुमची,
सुमेधा