गाय आणायच्या आधी कॅलेंडर घेऊन बस

बाळा,

गाय घ्यायची म्हणतोयस, मला खूप आनंद झालाय, खरंच. पण फोनवर तू सगळं दुधाबद्दलच बोललास, किती लिटर देईल, उरलेल्याचं काय करायचं, आणि माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच चाललंय की ह्याने वासराचा विचार केलाय का? अरे, गाय व्याली तरच दूध. म्हणून गाय बघायला जायच्या आधी तुम्ही दोघं कॅलेंडर घेऊन बसा आणि व्यायची तारीख धरून मागे-पुढे सगळं वर्ष लिहून काढा, कारण घरच्या एका गाईचं सगळं त्या तारखेवरच चालतं.

हिशोब असा. गाभणकाळ साधारण 280 ते 285 दिवस. व्यायल्यावर दोनेक महिने तिच्या अंगाला सावरायला द्यायचे, मग पुन्हा भरवायची, म्हणजे रेत देऊन गाभण करायची, की वर्ष-सव्वा वर्षाने पुढचं वेत, म्हणजे पुढचं बाळंतपण येतं. आणि व्यायच्या आधीचे दोन महिने दूध पूर्ण बंद, आटवायचीच, कितीही देत असली तरी. ते दोन महिने कास, म्हणजे दुधाची पिशवी, स्वतःला पुन्हा तयार करत असते आणि पोटातलं वासरू सगळ्यात जास्त तेव्हाच वाढतं. तेव्हा घरात दूध नसणार हे पोरांना आत्ताच सांगून ठेव.

माज, म्हणजे गाय गाभण राहायला तयार असते तो काळ, ओळखणं हे एकटी गाय ठेवणाऱ्याला सगळ्यात अवघड जातं बघ. कळपात दुसऱ्या गाई अंगावर चढतात, ती उभी राहते, लगेच कळतं. एकटीचं तसं नसतं. हंबरते, बेचैन असते, दूध जरा कमी देते, मागून काचेसारखा स्वच्छ चिकट स्राव, सोट, लोंबतो, आणि काहींचा तर मुका माज असतो, काहीच दाखवत नाहीत. माज टिकतो फार तर 12 ते 18 तास आणि हुकला की पुढचे 21 दिवस वाट बघायची. म्हणून तारखा लिहून ठेव आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ शांतपणे उभं राहून तिच्याकडे बघ, मोबाईल खिशात ठेवून. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टरांना लिंगनिश्चित रेताचंही विचार, त्यात शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी, म्हणजे मादी वासरं होतात. तरीही गोऱ्हा, म्हणजे नर झाला तर त्याचं काय करणार हे आधी ठरव, तो जन्मल्यावर ठरवायचं म्हणजे सगळ्यांच्याच जिवाला त्रास.

आता व्यायल्यानंतरचं नीट वाच. वासराला चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध, पहिल्या तास-दोन तासात गेलाच पाहिजे. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच थोडीफार रोगप्रतिकारशक्ती मिळते, वासराला ती वारेतून, म्हणजे पोटात त्याला आईशी जोडणाऱ्या आवरणातून मिळत नाही, जे मिळतं ते चिकातूनच, आणि त्याची आतडी ती शोषून घेतात फक्त पहिल्या दिवसात, ते पण तासागणिक कमी होत जातं. 30 किलोचं वासरू असेल तर पहिल्या दिवसात 3 लिटर तरी पोटात जाऊ दे, आपणहून लुचत नसेल तर बाटलीने पाज. नाळेला आयोडीन लाव. वार बारा तासांत पडायला हवी, नाही पडली तर डॉक्टरांना फोन कर, पण कुणीही सांगितलं तरी ओढू नकोस, आत तुटून राहिली तर गर्भाशयात सडते.

आणि पहिले तीन दिवस रात्री पण एकदा गोठ्यात चक्कर मार. कान गार लागले, चालताना झोकांड्या जात असतील, किंवा बसली आणि मान पोटाकडे वळवून ठेवली तर तो दुग्धज्वर. नावात ज्वर आहे पण ताप नसतो, रक्तातलं कॅल्शियम एकदम दुधात गेलेलं असतं. तेव्हा तोंडाने काही पाजायला जाऊ नकोस, गिळता येत नाही, फुफ्फुसात जातं. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात आणि बऱ्याचदा थोड्या वेळात ती उठून उभी राहते. पण डॉक्टर वेळेत आले पाहिजेत, म्हणून किती लवकर येऊ शकतात हे गाय आणायच्या आधी विचारून ठेव.

धारेबद्दल तुला लहानपणापासून माहितीये असं तुला वाटतं, पण तू बाजूला बसून बघितलंयस, काढलेली नाहीस, त्यामुळे सांगते. कास धुवून पुसून कोरडी कर, सडांना, म्हणजे कासेच्या बोंडांना हात लागला की पान्हा सुटतो आणि तो पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात रिकामी झाली पाहिजे. ती घाबरली, कुणी ओरडलं, कुत्रं आलं, की पान्हा चोरते, मग कितीही ओढा. अंगठा दुमडून पिळायची सवय लावून घेऊ नकोस, सड दुखावतो, पूर्ण मुठीत धरायचा. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात, गडद फडक्यावर घे, गुठळ्या किंवा पाण्यासारखं दिसलं तर कासदाह, म्हणजे कासेची सूज सुरू झालीय. धार झाल्यावर सड आयोडीनच्या औषधात बुडव आणि लगेच पुढ्यात चारा टाक, कारण सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, तेवढा वेळ तिने शेणात बसायला नको.

अँटिबायोटिक दिलं तर लेबलवर लिहिलेत तितके दिवस ते दूध घरात घ्यायचं नाही, पोरांना तर नाहीच. आणि दूध रोज तापवूनच.

चाऱ्याचं लांबड लावत नाही. बदल करशील तो आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू कर, पोटातल्या जिवाणूंना सवय व्हावी लागते, एकदम धान्य किंवा पेंड वाढवलीस तर पोट बिघडून गाय हातची जाऊ शकते. क्षारमिश्रण रोज. पाणी मात्र तिला हवं तितकं, हवं तेव्हा, दूध 87 टक्के पाणीच असतं, घागरी मोजून देण्यातलं ते काम नाही.

घेताना पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली नको, दुसऱ्या-तिसऱ्या वेताची शांत गाय बघ, संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची धार स्वतः काढून बघ, चारही सड चालू आहेत ना बघ, आणि ब्रुसेलोसिस-टीबीची तपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नकोस, हे दोन्ही रोग माणसाला होतात. तिच्या सोबतीला एखादी शेळी तरी ठेव, गाय कळपातलं जनावर आहे, एकटी झुरते.

आता मला एवढंच कळव, तुम्ही दोघं आजारी पडलात किंवा गावाला गेलात तर दोन्ही वेळची धार कोण काढणार? एका माणसाचं नाव दे, आणि त्याला महिनाभर आधी तिची सवय लावायची तयारी आहे का तेही विचार. ते नाव आलं की मी येते आणि आपण मिळून गाय बघायला जाऊ.

तुझी आई