पाणबुड्यांचे कान कोण तपासणार?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पाण्याखालच्या कामाचा विषय निघाला की लोक दमाबद्दल विचारतात, खोलीबद्दल विचारतात. कानांचं कुणी विचारत नाही. मी उमेदीची सगळी वर्षं पाणबुडा म्हणून काम केलं. जहाजांचे तळ घासले, धक्क्यांचे खांब तपासले. आता उजव्या कानात रात्रंदिवस रातकिडे किरकिरतात आणि चार माणसं एकदम बोलू लागली की कोण काय म्हणालं ते कळत नाही.

दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, पण कानाला सगळ्यात जड जातात ते वरचे काही मीटरच. नाक दाबून हलकी फुंकर मारायची, कान मोकळे झाले की मगच खाली सरकायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. सर्दीत मात्र नाकामागून कानात जाणारी नळी उघडत नाही. तरी रोजावरचा माणूस नाकात थेंब टाकून उतरतोच, कारण न उतरल्यास खाडा पडतो. थेंबांचा असर खालीच ओसरला तर वर येताना कानात अडकलेली हवा बाहेर निघत नाही आणि पडदा आतून ताणला जातो. उतरताना कान उघडत नाही म्हणून जोर लावून फुंकलं, तर आतल्या कानाचं नाजूक पटल फाटू शकतं. तिथलं ऐकू येणं गेलं की पुष्कळदा परत येत नाही.

दुसरा मारा आवाजाचा. हेल्मेटमध्ये हवा सतत फुसफुसते आणि हातात पाण्याच्या जेटची बंदूक असते. जमिनीवरचा कामगार कानात बोळे घालतो. आम्हाला ती सोय नाही, कारण बोळ्यामागे अडकलेल्या हवेमुळे दाबाखाली पडद्याला इजा होते. म्हणून आवाज कमी करायचा तर तो यंत्रात आणि हेल्मेटमध्येच करायला हवा. हवेच्या वाटेवर सायलेन्सर बसवता येतो, जेटवरची पाळी आखूड करता येते.

माझ्या वैद्यकीय कागदावर दरवर्षी नुसता ‘फिट’ असा शिक्का बसायचा. आवाजाने होणारं नुकसान ऑडिओग्रामवर, म्हणजे कोणत्या सुराचा आवाज किती ऐकू येतो त्या तपासणीच्या आलेखावर, सहसा 4000 हर्ट्झच्या आसपास, उंच सुरांत आधी दिसतं. तेव्हा समोरच्याचं बोलणं नीट समजत असतं, त्यामुळे माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. कामावर घेताना एक ऑडिओग्राम आणि पुढे दरवर्षी एक, एवढं सक्तीचं व्हावं. त्याची प्रत कंत्राटदाराच्या फायलीत न राहता पाणबुड्याच्या हातात पडावी. आणि सर्दीमुळे न उतरणाऱ्याचा रोज कापू नये. ही माझी सगळ्यात कळकळीची मागणी आहे.

तरुण सोबत्यांना एक सांगतो. वर आल्यावर एका कानाने ऐकू येईनासं झालं, गरगरू लागलं, तर दडे बसलेत म्हणून दोन दिवस वाट पाहू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा आणि आपण पाण्यात उतरलो होतो हे आधी सांगा, कारण उपचार त्यावर ठरतात. आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या तज्ज्ञाकडून यावर सविस्तर लिहून घेतलंत, तर तो अंक मी स्वतः डायव्हिंगच्या पोरांपर्यंत पोचवीन.

आपला,
एक निवृत्त पाणबुडा