बरडावरच्या काकाजींस, न उडालेल्या रविवारांबद्दल

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

गेली चार वर्षे दर रविवारी आमची रेडिओवर चालणारी छोटी विमाने तुमच्या बरडावरून उडाली, हे आसपासच्या गावांनी पाहिले आहे. परंतु ती कितीदा उडाली नाहीत आणि का उडाली नाहीत, हे तुम्हाला आणि आम्हा दहा-बारा जणांनाच ठाऊक आहे. जमीन वापरू दिल्याबद्दलचे आभार आम्ही दरवर्षी पोळ्याला घरी येऊन मानत आलो. हे पत्र मात्र तुम्ही वेळोवेळी दिलेल्या नकारांबद्दल आहे, आणि ते चारचौघांत वाचले जावे असे वाटल्यामुळे उघडपणे लिहीत आहे. तुमचे व गावाचे नाव तुमच्याच सांगण्यावरून गाळले आहे. ‘नाव छापलं का लोकं पाह्यले येतात अन् पऱ्हाटी तुडवतात,’ हे तुमचे म्हणणे खरेच आहे. यवतमाळ जिल्हा एवढे लिहिले तरी पुरे.

पहिल्या भेटीत आम्ही तुमच्यासमोर फार विश्वासाने बसलो होतो असे नाही. त्याआधी आम्ही एका शाळेच्या मैदानावर विमाने उडवत असू आणि तिथे एक विमान कवायतीला उभ्या असलेल्या मुलांपासून हातभर अंतरावर पडल्यामुळे आम्हाला मैदान सोडावे लागले होते. चूक सर्वस्वी आमची होती. तुम्ही चहा सांगितला आणि पहिलाच प्रश्न विचारलात की, याला सरकारची परवानगी लागते का. मी पिशवीतून कागद काढून 25 ऑगस्ट 2021 रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांबद्दल सांगितले: छंदासाठी किंवा शिक्षणासाठी वापरली जाणारी, 25 किलोपर्यंत वजनाची आणि उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यातच राहणारी विमाने ‘मॉडेल’ या वर्गात मोडतात, आणि नकाशावर जो भाग हिरवा दाखवला आहे तिथे 400 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 120 मीटरपर्यंत, उडवता येते. तुम्ही तो नकाशा मोबाइलवर उघडायला लावलात, तुमचे वावर बोटाने शोधलेत आणि ते हिरव्या भागात असल्याची खात्री झाल्यावरच म्हणालात, ‘सरकारचं झालं. आता माह्यं ऐका.’ तुमचे नियम सरकारी नियमांपेक्षा कमी होते आणि कडक होते. शेजारच्या वावरात माणूस काम करत असेल तर विमान वर जाणार नाही, गावाच्या बाजूला वळणार नाही, आणि तुम्ही ‘थांबा’ म्हटल्यावर कारण नंतर विचारायचे.

धावपट्टीची दिशा तुम्ही ठरवलीत, याची आठवण आजही आमच्यात निघते. आम्हाला कडुनिंबाची सावली हवी होती म्हणून आम्ही पट्टीच्या उत्तरेला उभे राहायचे ठरवले होते. तुम्ही वखराचे बैल थांबवून विचारलेत की, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, मग दिवसभर सूर्याकडे तोंड करून विमान दिसणार कसे. इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती, आणि त्यात दोन विज्ञानाचे शिक्षक होते (त्यांपैकी एक मी). सूर्याच्या झोतात गेलेले विमान क्षणभर काळा ठिपका होते, त्याचे पोट कोणते आणि पाठ कोणती हे कळत नाही, आणि दोन सेकंदांत ते जमिनीवर असते. तुम्ही पट्टी पूर्व-पश्चिम आखलीत, आम्हाला दक्षिणेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे केलेत, कुसळी गवत काढून मुरूम वखरून दिलात आणि दगड वेचायला आम्हालाच लावलेत. सावलीची सोय तेवढी गेली. ती आम्ही ताडपत्री बांधून भागवली.

नकारांकडे येतो. पहिला मोठा नकार ऑक्टोबरच्या शेवटी मिळाला. सोयाबीन निघालेले होते, आकाश निरभ्र होते आणि नव्या विमानाचे पहिले उड्डाण होणार होते. ते विमान आम्ही निवडणुकीतल्या प्रचारफलकांच्या फ्लूट शीटचे, म्हणजे पोकळ पन्हाळींच्या प्लास्टिक पत्र्याचे, बनवलेले होते आणि त्याच्या पंखाखाली एका उमेदवाराचा अर्धा चेहरा तसाच राहिला होता. तुम्ही कुटाराची मूठ उचलून छातीच्या उंचीवरून सोडलीत. भूस आधी पूर्वेकडे गेले, मग थांबले आणि उलट आमच्या पायांवर आले. ‘आज नोको,’ एवढेच म्हणालात. आमच्या हातातला वाऱ्याचा वेग मोजणारा यंत्राचा डबा ताशी 9 किलोमीटर दाखवत होता, म्हणजे उडवायला अडचण नव्हती, आणि आम्ही थोडी कुरकुरही केली. साडेदहाच्या सुमारास नांगरलेल्या काळ्या वावरातून धुळीची वावटळ उठली आणि आमची ताडपत्री खुंट्यांसकट शेजारच्या तुरीत गेली.

त्या दिवशी तुम्ही जे समजावलेत ते मी नंतर वर्गातही शिकवले. उघडी काळी जमीन उन्हाने लवकर तापते, तुरीचे हिरवे वावर उशिरा तापते, त्यामुळे एका धुऱ्याच्या दोन बाजूंना हवा वेगवेगळी वागते: एकीकडे वर चढते, दुसरीकडे खाली बसते. विमान त्या सीमेवरून उतरायला येते तेव्हा त्याच्याखालचा आधार अचानक सुटतो. आम्ही त्याला यंत्राचा दोष समजत होतो आणि दर वेळी मोटर तपासत बसत होतो. तुम्हाला मात्र ही हवा उपणणीतून माहीत होती. आयुष्यभर खळ्यावर उभे राहून दाणा इकडे आणि भूस तिकडे पाडणाऱ्या माणसाला वाऱ्याची झुळूक केव्हा दगा देते हे कळते. आमचे यंत्र एका जागेचा, एका क्षणाचा वेग सांगत होते. तुमची मूठभर भूस पुढच्या तासाचे सांगत होती.

दुसरा नकार कापूस वेचणीच्या दिवसांतला. शेजारच्या वावरात पंधरा-वीस बाया वेचणीला होत्या आणि तुम्ही सलग तीन रविवार आम्हाला परत पाठवलेत. दीड किलोचे विमान ताशी 60 किलोमीटरने जात असले आणि त्याच्या नाकावर मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेणारा पंखा असला, तर ते खेळणे राहत नाही, हे आम्ही पुस्तकातून शिकलो होतो. संपर्क तुटला तर मोटर आपोआप बंद होईल अशी सोय आम्ही करून ठेवतो, उडवण्यापूर्वी रिमोटची शक्ती कमी करून तीस पावलांवरून विमान वळवणारे पंखांवरचे आणि शेपटीवरचे सगळे पडदे हलतात की नाही हेही पाहतो, आणि हे सर्व मी तुम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितले. तुम्ही विचारलेत, ‘मोटर बंद झाल्यावर थे कुठं पडते?’ यावर उत्तर नव्हते. कुठेही पडते.

तिसरी गोष्ट आजवर आम्ही कोणाला सांगितलेली नाही, आणि ती आम्हाला कमीपणा आणणारी असल्यामुळेच इथे लिहिली पाहिजे. तुम्ही पहिल्याच दिवशी बजावले होते की, गंजीच्या आणि कुटाराच्या ढिगाच्या आसपास आमचे कुठलेही सामान ठेवायचे नाही. त्या रविवारी एक विमान नाकावर आपटले. तीन सेलची, 11.1 व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी कोपऱ्यात चेपली होती, पण गरम नव्हती, धूर नव्हता. आमच्यातल्या एकाने ती पिशवीत टाकली आणि सावली म्हणून पिशवी कुटाराच्या ढिगाला टेकवून ठेवली. आम्ही मोडलेले पंख पाहत बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी तुम्ही बैलांना पाणी पाजून परत येताना थांबलात आणि विचारलेत की, हा गोडसर वास कशाचा. आम्हाला तो आलाच नव्हता. तुम्ही पिशवीचा बंद काठीने उचललात, ती घमेल्यात टाकून उघड्या मुरमावर नेलीत आणि खाली ठेवताक्षणी तिच्यातून हातभर ज्वाळ निघाली. पाणी आणायला धावलेल्या मुलाला थांबवून तुम्ही घमेल्याने माती ओतत राहिलात.

या बॅटऱ्यांचे असेच असते. आतले पातळ थर फाटले की एकमेकांना लागतात आणि उष्णता आतल्या आत वाढत जाते. आग लगेचही लागेल किंवा अर्ध्या तासाने. हे आम्हाला माहीत होते, आणि माहीत असून आम्ही पिशवी कुटाराला टेकवली. त्या ढिगात तुमच्या जनावरांचे उन्हाळ्यापर्यंतचे वैरण होते. तुम्ही त्या दिवशी रागावला नाहीत. सामान आवरायला सांगितलेत आणि पुढचे दोन महिने आम्हाला येऊ दिले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे आपटलेली बॅटरी उघड्या मुरमावर एकटी ठेवली जाते आणि एक माणूस घड्याळ लावून तासभर तिच्याकडे पाहत बसतो. चार्जिंगसाठी वाळू भरलेली मातीची मडकी आणली. उन्हाळ्यात बंद गाडीत बॅटरी ठेवायची नाही आणि पूर्ण भरलेली आठवडाभर पडू द्यायची नाही, दर सेल 3.8 व्होल्टवर आणून ठेवायची, या गोष्टी आम्ही आता नव्या मुलांना विमान हातात देण्यापूर्वी सांगतो.

तुम्ही फक्त अडवतच राहिलात असा कोणाचा समज व्हायला नको. नव्या मुलाची सर्वांत मोठी अडचण ही की, विमान दूर जाताना डावे-उजवे बरोबर वाटते आणि आपल्याकडे तोंड करून येताना सगळे उलटे होते. आम्ही त्याला काठीचे, आरशाचे, कसले कसले दाखले देत होतो. तुम्ही म्हणालात, वखराच्या मागे उभा राहा, उजवा बैल उजवीकडे. समोर जाऊन उभा राहा, तोच बैल तुझ्या डावीकडे. बैल बदलला का? तो मुलगा आज आमच्यात सर्वांत सफाईने विमान उतरवतो. तुरीत पडलेले विमान शोधण्याची रीतही तुमचीच. ते पडले की सगळ्यांनी धावायचे नाही. ज्याने पाहिले त्याने जागच्या जागी उभे राहून पलीकडच्या एखाद्या झाडाच्या रोखाने हात धरायचा, दुसऱ्याने दुसऱ्या टोकावरून तसाच रोख धरायचा, आणि तिसऱ्याने दोन रोख जिथे मिळतात तिथे तुरीच्या ओळींमधून जायचे, आडवे नाही, म्हणजे फुलावर आलेली तूर मोडत नाही. तोवर आम्ही पुरुषभर उंचीच्या तुरीत अर्धा-अर्धा दिवस घालवत होतो आणि दोन विमाने तर कापणीनंतरच मिळाली होती.

जानेवारीतल्या मेळाव्याबद्दल लिहायलाच हवे. नागपूर, अमरावती आणि वर्ध्याहून पाहुणे आले, तीसेक विमाने पट्टीशेजारी रांगेने लागली, तुमच्या घरून पातोडीची भाजी आणि भाकरी आल्या. एके काळी अशा मेळाव्यात एकाच रेडिओ लहरीवर दोघांनी रिमोट चालू केले की एकाचे विमान हातचे जात असे, म्हणून ज्याच्या हाती त्या लहरीची खूण असलेला चिमटा त्यानेच उडवायचे अशी पद्धत होती. 2.4 गिगाहर्ट्झची नवी रिमोट स्वतःच मोकळी वाट शोधतात, त्यामुळे ती भानगड संपली. तरी एका वेळी चारच विमाने वर, हा नियम तुम्ही दोरी बांधून पाळायला लावलात. दुपारी बारा वाजता पलीकडच्या पांदणीतून मजूर बाया जेवायला निघाल्या तेव्हा तुम्ही हात वर केलात. एका पाहुण्याचे मोठे पेट्रोल विमान सुरू झालेले होते, ते नाराज झाले, आणि ‘इतक्या दुरून आलो’ असे काहीसे बोलले. तुम्ही त्यांच्याजवळ खाट ओढून बसलात आणि हे असे विमान पहिल्यांदा कोणी उडवले, असे विचारलेत. त्यांनी अमेरिकेतल्या गुड आडनावाच्या जुळ्या भावांची आणि 1937 सालच्या त्यांच्या विमानाची हकिगत इतक्या रंगून सांगितली की, बाया जाऊन वीस मिनिटे झाली तरी त्यांना इंजिनाची आठवण झाली नाही.

त्याच दुपारी तुम्ही घार दाखवलीत. बिनमोटरचे ग्लायडर उंची गमावत होते आणि ते उडवणारी मुलगी उतरण्याच्या तयारीला लागली होती. नांगरलेल्या वावरावर एक घार पंख न हलवता गोल फिरत होती. ‘तिच्याखाली ने,’ असे तुम्ही म्हणालात आणि ग्लायडर तिच्याखाली जाऊन हळूहळू चढू लागले. ते 24 मिनिटे वर राहिले. घार मधूनच खाली वाकून त्याच्याकडे पाहत होती.

या उन्हाळ्यात तुम्ही आम्हाला बोलावून सांगितलेत की, धाकटे भाऊ त्या बरडावर सीताफळ लावणार आहेत. मुरमाड जमिनीत ते चांगले येते आणि पाणी कमी लागते. निर्णय योग्यच आहे. हाही नकारच, आणि तो तुम्ही जितक्या संकोचाने सांगितलात तितका संकोच करण्याचे कारण नव्हते. पाऊस पडण्याआधी आम्ही सगळे येऊन खड्डे खणून देऊ, तारीख तेवढी कळवावी. ताडपत्री, दोरी आणि मडकी घेऊन जाऊ.

धुऱ्यावरच्या बांबूला जुन्या लुगड्याची जी पट्टी वारा पाहण्यासाठी बांधली आहे, ती तुम्ही राहू द्यायला सांगितली आहे. 2017 साली फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर तुम्ही वारा तोंडावर असताना पंप पाठीला लावला नाही आणि मजुरांनाही लावू दिला नाही, हे तुम्ही एकदाच, ओझरते बोलला होता. जुनी पट्टी उन्हाने विरली आहे. खड्डे खणायला येऊ तेव्हा नवी, लाल रंगाची, दुरून दिसेल अशी शिवून आणतो.

आपला नम्र,
रविवारच्या मंडळींतर्फे, त्यांचा एक मास्तर