किलाउएआच्या सहलीतून तुमची नावं काढली

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून लिहिते आहे. बोट हवाईतल्या हिलोला लागेल त्या दिवशीच्या किलाउएआ ज्वालामुखीच्या सहलीतून तुम्हा दोघांची नावं मी काढली. पैसेही परत आले. बाबा, आधी सगळं वाचा, मग रागवा.

वर विवरापाशी उंची १२०० मीटरच्या आसपास. गार वारा, झिमझिम. तेवढ्याला स्वेटर पुरला असता. पण ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड निघतो, आणि दमेकऱ्यांनी त्यापासून लांब राहावं असं तिथलं राष्ट्रीय उद्यानच सांगतं. मागच्या श्रावणातली ती रात्र मी विसरलेले नाही. बाबा, तुम्ही विसरल्यासारखं दाखवता, एवढंच. व्यापारी वारे तो धुरकट वायू बहुतेक दिवस बेटाच्या पलीकडे, कोनाच्या बाजूला नेतात. म्हणून तुमचा दिवस हिलो गावातच.

काय हिरावून घेतलं ते मला कळतंय, बाबा. फळ्यावर तुम्ही ज्वालामुखी काढायचात, लाव्हाला तांबडा खडू, आणि तास संपला तरी मी तो कुणाला पुसू देत नसे. पण लाव्हा गावातही आहे. रेनबो फॉल्सचं पाणी ८० फुटांवरून पडतं ते लाव्हाच्याच गुहेवरून. गाड्या थांबतात तिथूनच दिसतं, चढायचं नाही. इंद्रधनुष्य सकाळच्या उन्हात पडतं, तेव्हा टॅक्सी आधी तिकडेच न्या. आभाळ मोकळं असेल तर ४१६९ मीटरचा मौना लोआ दिसेल. १९८४ साली त्याचा लाव्हा हिलोच्या दिशेने आला आणि गावाअलीकडेच थांबला.

आई, तुझ्यासाठी लिलिउओकलानी बाग. हवाईच्या शेवटच्या राणीचं नाव आहे तिला. तळी, छोटे पूल, दगडी दिवे. शेजारच्याच रस्त्याला पारंब्यांचे वड आहेत. एक १९३३ साली बेसबॉलपटू बेब रूथने लावलेला, एक १९३५ साली वैमानिक अमेलिया एअरहार्टने. तू आधी त्यांना हात लावशील, माहीत आहे मला. खाडीकाठी एवढं मोकळं मैदान कसं, असं बाबा विचारतील. १९४६ आणि १९६० च्या त्सुनामींनी तिथली वस्ती नेली, मग पुन्हा घरं बांधलीच नाहीत. घाबरू नकोस, आता इशाऱ्याचे भोंगे आहेत.

इनहेलर शर्टाच्या खिशात, बॅगेत नाही. छत्री दोघांची वेगळी, हिलोत पाऊस कधीही येतो. बोटीचं कार्ड गळ्यात. निघायच्या तासभर आधी परत या. आणि आई, काळे दगड-वाळू पिशवीत भरू नकोस, तिथे ते कायद्याने मना आहे.

विवरावर भूवैज्ञानिकांचे कॅमेरे रात्रंदिवस लावलेले असतात. त्या संध्याकाळी केबिनमध्ये पाय वर घेऊन बसा, बाबा. मी इकडून त्यांचं थेट चित्रण लावते, तुम्ही तिकडून लावा, आणि लाव्हा दिसला तर कुठला कसा वाहतो ते मला पुन्हा पहिल्यापासून सांगा.

तुमची,
छकुली