पहाटे पाचचा पहिला चेंडू

तीर्थरूप आई-बाबांना सा. न.

रविवारी फोनवरच सांगणार होते. दोनदा तोंडाशी आलं, पण आई गुडघ्याचं सांगत होती, मग बाबांच्या मोतीबिंदूची तारीख निघाली, आणि राहिलंच. म्हणून लिहितेय. विमा कंपनीतली नोकरी मी सोडली. डेव्हनपोर्टच्या बेसबॉल संघाबरोबर हा मोसम करणार आहे, सहीसुद्धा झाली. एप्रिल ते सप्टेंबर. म्हणजे बाबांच्या ऑपरेशनला आणि गौरी-गणपतीला मी तिथे नसेन.

आधी विचारलं नाही, त्याचा राग धरू नका. तुम्ही 'हो' म्हणाला असतात आणि रात्रभर जागे राहिला असतात.

पगार कमी आहे, पण भाडं भागून वर शिल्लक पडते. मी वहीत तीनदा मांडून बघितलंय. घर मैदानापासून चालत वीस मिनिटांवर आहे, कुकर आहे, तांदूळ-डाळ सगळं मिळतं. मैदान मिसिसिपीच्या अगदी काठावर आहे, हे वाचून आईला धडकी भरेल. 2019 च्या मे महिन्यात ही नदी 22.7 फुटांवर गेली होती, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत आपली कृष्णा 57 फुटांच्या वर. पाण्याचं मला शिकवायला नको. पूर आला की मैदानाभोवती उभी करायची भिंत इथे तयार असते आणि माझं घर चढावर आहे. मैदान 1931 चं, म्हणजे आपल्या आयर्विन पुलाहून दोनच वर्षांनी धाकटं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा नदीच्या वासाने एकदम घाटावर गेल्यासारखं झालं.

मायनर लीग म्हणजे मोठ्या संघात जाण्याचा जिना. मुख्य पायऱ्या चार, आमची खालून दुसरी. मोसमात 132 सामने. मंगळवार ते रविवार एकाच संघाशी रोज सामना, सोमवारी सुट्टी किंवा प्रवास. मिशिगनमधल्या मिडलंडला जायला सात-एक तास बस. आपण रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबई गाठायचो, तेवढंच. मुलं एकवीस-बावीसची असतात गं आई. खेळाडूंचा 2023 चा करार होईपर्यंत या पायरीवर त्यांना वर्षाचे 11,000 डॉलर मिळायचे, त्या कराराने ते निदान 27,300 झाले. तू असतीस तर बसमध्ये डबे भरून दिले असतेस. भडंग मात्र पाठव, जरा जास्त.

आपल्यातलं कोण असलं काम करतं, असं आत्या म्हणेल. भालाफेक करणाऱ्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांनी 2008 मध्ये पिट्सबर्गच्या संघाशी करार केला, तेव्हा बाबांनीच मला ते कात्रण दाखवलं होतं.

आणि बाबा, खरं कारण तुमच्यासाठी. माझं काम पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हाताकडे बघायचं. किती चेंडू टाकले, वेग कधी उतरला, हात सुटताना किती खाली आला, चेंडू किती फिरला, हे यंत्र टिपतं. मी ते वाचून प्रशिक्षकांना सांगायचं की आता याला थांबवा. मिरजेच्या त्या सामन्यात तुम्ही एका टोकाने टाकत राहिलात, आणि तुमचे चेंडू कुणीच मोजले नाहीत. पुढे डाव्या हाताने भात कालवणारे तुम्ही मला आठवता. मी तेव्हा पाच वर्षांची असेन, तुमच्या शर्टाची बटणं लावून द्यायचे. नंतर शिवाजी स्टेडियमच्या कट्ट्यावर तुम्ही मला स्कोअरबुक भरायला बसवलंत. पेन्सिलीला टोक काढून द्यायचात, शेंगदाणे सोलून हातावर ठेवायचात. टिंब कसं द्यायचं, विकेट कशी लिहायची, ते तिथेच शिकले. मला दुसरं काही इतकं नीट येत नाही, बाबा.

आता ऐका. ऑपरेशनच्या दिवशी दादा सोबत असेल, त्याच्याशी बोलले आहे. थेंब वेळेवर घालायचे, मोबाइलला गजर लावून. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, वाकून बादली उचलायची नाही. साखर आदल्या आठवड्यापासून रोज तपासायची, आकडा मला पाठवायचा, खरा आकडा. आईने माळ्यावर चढायचं नाही. गणपतीची आरास दादा काढेल. जिन्याला कठडा बसवायचे पैसे पाठवले आहेत, ते बँकेत ठेवू नका.

मोसम संपला की येते. सहा आठवडे राहणार आहे, दिवाळी करूनच निघेन.

संध्याकाळी साडेसहाचा सामना असला की तुमच्याकडे पहाटेचे पाच वाजलेले असतात. तुम्ही उठलेलेच असता. समालोचन फोनवर ऐकू येतं, दादा लावून देईल. पण डोळा बरा होईपर्यंत स्क्रीनकडे बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. आणि पाटी-पेन्सिल घेऊन बसू नका, मी इकडे लिहितेच आहे.

तुमची,
ठमी