दोन टक्के घेता, मग भिंतीला हात तरी लावा

मा. संपादक, स.न.वि.वि.

रीसेल फ्लॅट घेणाऱ्यांसाठी लिहितोय, जमल्यास छापा. आम्ही मागच्या डिसेंबरात डोंबिवलीत एक टू बीएचके घेतला, बिल्डिंग २७ वर्षं जुनी, तिसरा मजला, भाव ६२ लाख. बघायला गेलो तेव्हा सगळ्या घराचा रंग जुनाट पण बेडरूमची एकच भिंत नवी कोरी, वास पण येत होता रंगाचा, आणि तिला चिकटून मोठं कपाट. बायको म्हणाली हीच भिंत का रंगवली हो, तर ब्रोकर हसून म्हणाला वहिनी तुमच्यासाठीच फ्रेश करून घेतलीय. आम्ही पण हसलो. टोकन दिलं.

जुलैच्या पहिल्या जोराच्या पावसात त्या भिंतीला आधी फोड आले, मग पोपडे, मग कपाटाच्या मागून काळी बुरशी, लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टच्या फायली सगळ्या चिकटल्या. वॉचमनला विचारलं तर तो म्हणे साहेब हे तर दरवर्षी होतं, आधीचे दादा दर दिवाळीला पुट्टी मारायचे. म्हणजे वॉचमनला माहीत, सोसायटीला माहीत (जुन्या मालकाची लीकेजची तीन पत्रं ऑफिसात फाईलला आहेत), नाही माहीत ते फक्त आम्हाला. ब्रोकरला फोन केला तर म्हणतो, माझं काम दाखवायचं, बघायचं काम तुमचं. अहो पण याच माणसाने त्याच मजल्यावरचे आणखी दोन फ्लॅट विकलेत, आणि आमच्याकडून एक टक्का नि विकणाऱ्याकडून एक टक्का असे घेतले, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. चावी फिरवून दार उघडण्याचे!

आता कायदा काय म्हणतो ते बघायला बसलो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५५ आहे, त्यात विकणाऱ्याने मोठा दोष सांगायलाच पाहिजे, म्हणजे त्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊन पण न दिसणारा. पण हे विकणाऱ्यासाठी, ब्रोकरचं नाव नाही. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टसाठीचा कायदा, आहे ना म्हणाल, तर रेराचं रजिस्ट्रेशन लागतं ते बिल्डर विकतोय त्या प्रोजेक्टमधल्या एजंटला. महारेराने (रेरा राबवणारी आपल्या राज्याची यंत्रणा) एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षा सक्तीची केली हे चांगलंच झालं, आणि नव्या घरात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा हे पण रेरात आहे. पण २७ वर्षं जुन्या बिल्डिंगचा रीसेल यातल्या कशातच बसत नाही, आणि डोंबिवली, ठाणे, पुण्याच्या जुन्या पेठा, इथे माणसं काय फक्त नवे टॉवर घेतात का?

माझी मावसबहीण अमेरिकेत सॅन होजेला असते, तिने घर घेतलं तेव्हा एजंटने खोली खोली फिरून लिहून दिलं होतं, किचनच्या सीलिंगला डाग, गॅरेजच्या फरशीला तडा, वगैरे. मला वाटलं भला माणूस असेल, तर ती म्हणाली भला कसला, कायदाच आहे. तिथे कॅलिफोर्नियात डायब्लो नावाच्या गावी एक घर नीट न दाबलेल्या भरावावर बांधलेलं होतं, १९७६ मध्ये विकलं गेलं आणि थोड्याच दिवसांत जमीन सरकली. एजंटांनी उतारावर लावलेली जाळी बघितली होती, फरशी वाकडी आहे हे पण दिसलं होतं, तरी चौकशी केली नाही. १९८४ मध्ये कोर्टाने त्यांना पण जबाबदार धरलं आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला की घराच्या एजंटने डोळ्यांनी दिसेल तेवढी तपासणी करून जे आढळलं ते घेणाऱ्याला सांगायचं. भिंत फोडा, टाकीत उतरा असं कोणी म्हणत नाही, तो इंजिनिअर थोडाच आहे. कपाट सरकवून बघा एवढंच.

आपल्याकडे तर हे आणखी सोपं आहे. सोसायटीच्या उपविधीत (नियमावलीत) १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, आहे, म्हणजे रिपोर्ट सोसायटीच्या कपाटात असायला हवा. टोकन घ्यायच्या आधी ब्रोकरने तो रिपोर्ट, लीकेजच्या तक्रारी आणि आपण काय बघितलं याचं एक पान सही करून द्यायचं, आणि सरकारने रीसेलच्या ब्रोकरलाही रजिस्ट्रेशन लावायचं, एवढीच मागणी आहे. ब्रोकर म्हणतील असं केलं तर फ्लॅट विकलेच जाणार नाहीत. विकले जातील हो, भाव थोडा खाली येईल, आम्ही पण दोन लाख कमी करून घेतलाच असता की.

प्लंबर म्हणतो वरच्यांच्या मोरीचा नहाणी ट्रॅप गळतोय, वरचे म्हणतात आमच्याकडे सगळं कोरडं आहे, सोसायटी म्हणते तुम्ही आपसात बघा. तोवर कपाट हातभर पुढे ओढलंय आणि मागे दिवसरात्र टेबलफॅन चालू आहे.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)