वरणगावच्या पुढं, केळीच्या बागेतल्या काका-काकूंना

तीर्थस्वरूप काका आणि सौ. काकू यांस,
सा. न. वि. वि.

डिसेंबरात वरणगाव सोडल्यावर तुमच्या बागेशेजारी ज्यांची गाडी वाफ सोडत उभी राहिली, ती नाशिकची मंडळी आम्ही. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. शेगावला जाणाऱ्या कितीतरी गाड्या रोज तुमच्या बांधावरून जातात. तिथं कोण माणसं राहतात हे त्यांनाही कळू दे.

'झाकणाला कोणी हात लावू नका, भो, वाफ तोंडावर येईल,' असं ओरडतच तुम्ही बांधावरून आलात. रेडिएटरचा पाइप फाटला होता. मुक्ताईनगरचा मेकॅनिक तुमच्या फोनवर लगेच आला, पण पाइप भुसावळहून आणायला लागणार होता. म्हणजे दुपार तिथंच जाणार.

तेवढ्यात तुम्ही आईला विचारलंत, 'माय, मुक्ताईच्या गावाला कधी आलात का?' आई वारकऱ्याच्या घरची. आषाढीला इथून मुक्ताईची पालखी किती लांबून पंढरपूरला येते हे तिला पाठ. पण गाव पाहायचं राहून गेलेलं. ते ऐकल्यावर तुम्ही दुसरं काही विचारलंच नाहीत. पिकअपमधले केळीचे रिकामे क्रेट उतरवले, आईला पुढं बसवलं आणि आम्हाला मागं.

चांगदेवचं ते काळ्या दगडाचं देऊळ, आणि समोर तापी-पूर्णेचा संगम. हतनूरच्या धरणाचं पाणी तिथवर आलेलं, म्हणून नदी एवढी रुंद की पलीकडचा काठ धूसर दिसत होता. पायरीवर बसून आईनं माझ्या लेकीला गोष्ट सांगितली: चौदाशे वर्षांचा योगी वाघावर बसून येतो, आणि शेवटी गुरू करतो तो एवढ्याशा मुक्ताईला. लेकीनं विचारलं, 'मग मुक्ताई कुठं गेली?' तुम्ही पाण्याच्या दिशेनं हात केलात. 'तिकडं मेहूण. १२९७ साली वीज कडाडली अन् मुक्ताई गुप्त झाली, असं आमचे म्हातारे सांगत.' आईनं तिथूनच हात जोडले. मी आईला पुष्कळ देवळांत नेलंय, पण तिचा चेहरा असा झालेला पाहिला नव्हता.

आणि काकू, तुमचं भरीत! पऱ्हाट्यांच्या जाळावर ती हिरवी-पांढरी, हातभर वांगी तुम्ही उलटसुलट करत होतात. साल करपून फुटली की बोटं पाण्यात बुडवून सोलायची, देठ तसाच ठेवायचा. मग लाकडी बडजीत हिरवी मिरची न् लसूण ठेचून त्यातच वांगं. वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि कडकडीत तेल. सोबत कळण्याची भाकरी. आमच्याकडं नाशिकला भरीत होतं, पण गॅसवर. तो धुराचा वास त्याला येत नाही. वाढताना तुम्ही एकदाही 'घेणार का' असं विचारलं नाहीत. सरळ वाढत गेलात.

जेवताना मेकॅनिकनं सांगितलं म्हणून कळलं: थंडीनं केळीवर चरका येऊ नये म्हणून काका रात्रभर बागेत पाणी देत, कडेनं शेकोट्या पेटवून धूर करत जागे होते. एक डोळा मिटला नव्हता त्यांचा, काकू, आणि तुम्ही दोघांनी ते आम्हाला जाणवूसुद्धा दिलं नाहीत. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांसाठी झोपेची दुपार देणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मी ती कुठं फेडणार?

पैशांचं नाव काढलं तर तुम्ही रागावलात. वर डिकीत केळीची फणी ठेवलीत. मेकॅनिकनंही पाइपाच्या किमतीवर फक्त मजुरी घेतली, त्यालाही आमचा नमस्कार सांगा. जाताना कोथळीच्या जुन्या मंदिरात थांबलो आणि आईला मुक्ताईचं दर्शन घडलं. शेगावला पोचायला रात्र झाली. तुम्ही मागितलेला महाराजांचा प्रसाद आणलाय, तो देवघरात ठेवलाय.

महाशिवरात्रीच्या यात्रेला या म्हणालात, तर आम्ही येतोय. आई आतापासून पिशवी भरतेय: काकूंना नाशिकचा चिवडा, काकांना गरम कानटोपी. त्या दिवशी भाकऱ्या आई थापणार आहे, काकूंनी नाही म्हणायचं नाही.

आपला,
शेगावच्या वाटेवरचा, नाशिककर